निळा फुगवटा

बोअर पाडणाऱ्या रिगचा ट्रक गावाबाहेरच्या पडीक रानात येऊन थांबला. आमच्या डेप्युटी इंजिनिअर साहेबांनी जीपच्या बॉनेटवर जमिनीखालच्या खडकांच्या रंगीत चित्राची प्रिंट पसरली आणि निळ्या रंगाच्या मधोमध बोट ठेवलं. "बोअर इथे घ्या."

मी म्हटलं, "साहेब, तिथे नको."

"का?"

"तिथे खाली काय आहे ते आपण पाहिलेलंच नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या कुलथेकडे पाहिलं आणि हसले. "पुन्हा तेच? अहो, कुलथेचं कौतुक तुम्हाला कधी सहन होणार आहे का?"

होत नव्हतं, हीच तर अडचण होती.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी सरकारी नोकरीत भूवैज्ञानिक होतो. जमिनीखाली कोणता खडक किती खोल आहे ते पाहायचं आणि बोअर कुठे घ्यायचा तो पॉइंट द्यायचा, हे माझं काम. त्यासाठी विहिरीत उतरावं लागतं. बोलणं बरं दिसत नाही, पण दुष्काळाने आमची एक सोय केली होती. विहिरी तळापर्यंत कोरड्या पडल्या होत्या, त्यामुळे एरवी पाण्याखाली दडलेले थर उघडे दिसायचे. कमरेला दोर बांधून मी आत उतरायचो. वर यायचो तेव्हा भुवयांवरसुद्धा मुरमाची धूळ असायची. लोक मला दगडसायेब म्हणायचे.

अशा दोन-तीन विहिरींत पाहिलेलं जोडलं की सेक्शन तयार होतो. सेक्शन म्हणजे जमीन सुरीने उभी कापली तर कडेने जशी दिसेल तसं चित्र. वर माती, खाली मुरूम, मग भेगांचा झिजलेला खडक. पाणी असलंच तर यात. त्याखाली काळा पाषाण, तिथे आशाच नको. माझा सेक्शन पेन्सिलीचा आणि खाडाखोडीचा. तो कुलथेकडे जायचा. कुलथे आमचा ड्राफ्ट्समन, नगरच्या सोनाराचा मुलगा. हात देवाने दिलेला. मुरूम पिवळा, पाषाण तपकिरी, भेगांचा खडक निळा, असं तो रंगवायचा आणि माझ्या खरडीचं बघत राहावं असं चित्र व्हायचं.

मग जो तो त्याच्या प्रेमात. वरचे साहेब आले की आधी कुलथेचं टेबल. पाथर्डी तालुक्यातल्या या गावाच्या सरपंचांनी तर सेक्शनची रंगीत प्रत मागून घेतली आणि चावडीत हार घालून टांगली. गुडघे माझे फुटले आणि हार चित्राला! चित्राखाली कुलथेचं नाव सुबक अक्षरांत, माझं साहेबांच्या सहीखाली झाकलेलं. मी जळायचो आणि ते लपवायचोही नाही. "हे ऑफिस आहे, चित्रकलेचा वर्ग नाही," असं साहेबांदेखत बोलून बसलो होतो.

या गावात मी दोन विहिरी उतरून पाहिल्या होत्या. एक देवळामागची, दुसरी ओढ्यालगतची पवारांची. मधल्या रानात एकही विहीर नाही. न पाहिलेल्या जागी आम्ही तुटक रेषा काढतो. तुटक म्हणजे नुसता अंदाज. मी तशीच काढली होती, शेजारी प्रश्नचिन्हही टाकलं होतं. कुलथेने ती अखंड केली आणि प्रश्नचिन्ह खाल्लं. मी पाहिलं तोवर प्रिंटा वाटून झाल्या होत्या.

विचारलं तर म्हणाला, "साहेब, तुटक रेषेत रंग कसा भरणार? पसरतो तो. बंद आकार लागतो."

वळणदार रेषा मारायची एक पट्टी असते, तिला फ्रेंच कर्व्ह म्हणतात. ती लावून त्याने दोन विहिरी जोडल्या होत्या. पट्टीचं वळण मध्ये खाली गेलं आणि निळा रंग तिथे मस्तपैकी फुगला. साहेबांचं बोट नेमकं त्या फुगवट्यावर होतं.

"साहेब, तो खडक नाही, पट्टीचं वळण आहे."

सरपंच मध्ये पडले. "दगडसायेब, आमाला पानी मिळू नये असं हाय का तुमच्या मनात? चित्रात तर ढळढळीत दिसतंय की."

कुलथे प्रिंटची घडी घालू लागला. रिग सुरू झाली.

गावाला टँकरशिवाय पाणी नव्हतं आणि टँकरचा भरवसा नव्हता. रिग दुसऱ्या दिवशी जामखेडकडे जायची होती. बाया घागरी घेऊन उन्हात बसल्या होत्या. हवेच्या जोराने बोअरमधून भुकटी वर उडते, ती ओली झाली की समजायचं पाणी लागलं. दुपार कलली तरी कोरडीच उडत होती. एक म्हातारी डोक्यावरचा पदर झटकत म्हणाली, "निस्ता फुफाटाच निघतोय की रं!"

खरं सांगतो, त्या धुळीकडे बघून मला आतून गार वाटलं. मग त्या रिकाम्या घागरींकडे लक्ष गेलं आणि स्वतःची लाज वाटली. पण आधी गारच वाटलं होतं.

साहेबांनी मशीन बंद करायला सांगितलं. "फेल. गुंडाळा."

मी म्हटलं, "पवारांच्या विहिरीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या बाजूला एक पॉइंट घेऊ. तळाशी भेगांना ओल आहे, मी हात लावून पाहिलीय."

"मघाशी नको म्हणत होता, आता घ्या म्हणता. तुमचं नक्की काय?"

सरपंचांनी मान फिरवली. माझं ऐकायला कुणी तयार नव्हतं. आता रिग जाणारच होती.

तेवढ्यात कुलथे हळूच म्हणाला, "काय पाहिलंत ते नीट सांगा मला."

दात-ओठ खात सांगितलं. त्याने प्रिंट उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने दोन विहिरी काढल्या. ओलीच्या जागा, भेगांचा उतार, सगळं भराभर. मधली रेषा या वेळी तुटक. साहेबांना म्हणाला, "एवढं आम्ही पाहिलंय. हे मधलं पाहिलेलं नाही, मी उगाच रंगवलं. चूक माझी."

साहेब वाकून बघत राहिले. सरपंचही वाकले. "असं व्हय!" ते म्हणाले. "मंग वड्याकडंच घ्या की, सायेब."

मी तेच तर सांगत होतो!

ओढ्याकाठी दिवस मावळायच्या आत भुकटी बसली. आधी चिखलाचे गोळे आले, मग गढूळ पाणी. फार नव्हतं, हातपंपापुरतं. पण त्या दिवसांत तेवढं म्हणजे सगळंच होतं. बाया उठून धावल्या. लोकांनी कुलथेला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. "पॉइंट यांचा आहे," तो ओरडून सांगत होता, माझ्याकडे बोट दाखवत. त्याने ते सांगितलं, याचाही मला राग आला.

परतताना जीपमध्ये साहेब म्हणाले, "असं समजावून सांगायला शिका जरा."

वर्षभराने कुलथे बढतीवर बदलून गेला. मी सुटकेचा निःश्वास सोडला. नवा ड्राफ्ट्समन माझा सेक्शन जसाच्या तसा उतरवायचा, चूक शोधून सापडायची नाही. पण तो कागद कुणी दोनदा बघायचंही नाही. गावागावांत मी घसा कोरडा करायचो, लोक जांभया द्यायचे आणि बोअर पुढारी सांगेल तिथे व्हायचा.

शेवटी कुलथेला परत द्या म्हणून मीच अर्ज केला. जमिनीखालचं मला दिसायचं, लोकांना मात्र ते त्याच्याच हातून दिसायचं. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "एवढं जमायला कधी लागलं तुमचं?"

"जमत नाही साहेब," मी म्हटलं. "पण पाठवा त्याला."