कुंडीमागचा रॅम्प

नर्मदेवरच्या आमच्या प्रसिद्ध पुलावर मी दर अमावस्येला नारळ वाहायला जातो, त्यामुळे तिथल्या पहारेकऱ्याची ओळख झाली. नाव मी कधी विचारलं नाही.

माझ्यासारख्या चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी पुलाला झकास रॅम्प आहे. त्याच्या तोंडावर सिमेंटची भलीमोठी कुंडी ठेवलेली आहे. उद्घाटनाला कुण्या साहेबांनी तिच्यात रोप लावलं. पहारेकरी रोज त्याला पाणी घालतो, पानं फडक्याने पुसतो. माझी खुर्ची दिसली की लांबूनच हात जोडतो, "नर्मदे हर, भैया!" आणि लगेच येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारतो, "आओ भाई, हाथ लगाओ, पुण्य मिलेगा!"

बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात हातगाडीपासून सुरुवात करून मी कापडाचं दुकान उभं केलं. घासाघिशीत मला कुणी हरवलं नाही. आणि इथे अनोळखी लोक मला पोत्यासारखा उचलून पायऱ्या चढवतात, वर गेल्यावर माझ्यासोबत फोटोही काढतात.

या अमावस्येला मी खुर्चीला ब्रेक लावला आणि कुंडीसमोरच थांबलो. "मला काहून उचलून राहिला बे? ती कुंडी उचल. आज मी माझ्या चाकांवर वर जाणार."

"कैसी बात करते हो, भैया! कुंडी साहेबांच्या हातची आहे."

"मग मी इथून हलत नाही."

त्याने कुंडीतल्या रोपाकडे पाहिलं. मग जवळ आला, माझा ब्रेक काढला आणि खुर्ची अलगद बाजूला सरकवली.

रोपावर माझी सावली पडत होती.