बांधानी हिंग

आमच्या घरात पोटदुखीवर एकच औषध होतं, हिंग. तापाला गोळी, खोकल्याला काढा, पण पोटाचं काहीही असलं तरी आई फळीवरची पितळी डबी खाली काढायची. हिंगाचा खडा खलबत्त्यात कुटून तिनं त्या डबीत पूड भरून ठेवलेली असे. त्यातली चांगली मोठी चिमूट ताकात घालायची आणि थोडी कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायची. मग माझ्या पोटावर तळवा ठेवून ती बसून राहायची. थोड्या वेळानं विचारायची, "उतरतंय का गं?" मी हो म्हणायचे. उतरत नसलं तरी हो म्हणायचे, कारण तिचा हात पोटावर असला की बरं वाटायचं, हे काही खोटं नव्हतं.

माझं पोट तर सारखंच दुखायचं. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत मला काडी म्हणत. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करायचे, तिथे माझा पहिला नंबर कधी चुकला नाही. अभ्यासात तो कधी आला नाही, तेवढी हौस तिथे भागली. हातपाय वाळलेले आणि पोट तेवढं पुढे. जंतांची औषधं झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या, मीठमोहरीनं दृष्ट काढून झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. येणारा-जाणारा आईला सांगायचा, पोरीच्या अंगावर मांस नाही, तिला पोळीवर तूप घालून वाढत जा. आई वाढायची.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वर्गात चक्कर येऊन पडले, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि मुंबईला पाठवलं. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. तिथे घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा तपासायला घेतला. नाव निघालं सीलिॲक. गल्लीत त्याचं लगेच सीलिंग झालं. डॉक्टर म्हणाले, गव्हातला एक घटक हिच्या आतड्याला सोसत नाही, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. गहू, रवा, मैदा, जव, सगळं बंद करा.

"किती दिवस?" आईनं विचारलं.

"जन्मभर."

परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं तेव्हा एवढंच म्हणाली, "म्हणजे मीच तुला वाढत होते रोज." बाबा म्हणाले, तुला कुठे माहीत होतं. ती म्हणाली, ते खरंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाची कोठी शेजारणीकडे गेली आणि पोळपाट-लाटणं माळ्यावर. माझी आई दिंडोरीजवळच्या खेड्यातली. तिच्या पुरणपोळीसाठी नातेवाईक सण काढून आमच्याकडे येत, हे विसरून चालणार नाही. "एकीला चालत नाही ते घरात कुणालाच नको," असं तिनं जाहीर केलं. बाबांना पोळीशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही, पण त्यांनी निमूटपणे भाकरीला हात घातला.

गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी टाकली तर गव्हाचं पीठ येतंच, म्हणून आई रोज गिरणी उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहायची. तरी आदल्या दिवशीचं पीठ आत असणारच. मग ती आधी थोडे तांदूळ दळून घ्यायची, ते पीठ गाईला घालायची, आणि मग आपली ज्वारी टाकायची. गिरणीवाला कुरकुरायचा. नागली, म्हणजे नाचणी, चांगली मिळावी म्हणून ती हरसूलच्या बाजाराला जायची आणि पिशवी मांडीवर घेऊन एसटीनं परत यायची. नागलीची भाकरी थापायला अवघड, कडेनं चिरते. आईची चिरायची नाही.

लग्नाकार्यात ती माझा डबा पिशवीत घेऊन पंगतीत माझ्या शेजारी बसायची. कुणी म्हणे, एक घास खाल्ल्यानं काय होतंय. कुणी म्हणे, नखरे आहेत. सत्यनारायणाला शिऱ्याचा द्रोण पुढे आला की आई दोन्ही हात पुढे करायची, "तिचाही मीच घेते." प्रसाद नाकारायचा नाही आणि मुलीलाही द्यायचा नाही, यावर तिनं काढलेला हा तोडगा. एका पूजेत यजमानीणबाई म्हणाल्या, प्रसादानं कुणाचं वाईट झालेलं ऐकलं नाही. आईनं दोन्ही द्रोण तिथेच संपवले आणि नमस्कार करून उठली.

एवढं करून मी थोडी सुधारले. चक्कर येणं थांबलं, एकदोन किलो वजन वाढलं. आणि तिथेच गाडी अडली. पोट दुखायचं ते दुखायचंच. केस गळायचे, तोंड यायचं, महिन्याची पाळी कधी यायची, कधी नाही. लग्नाच्या बाजारात मला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, घरात मात्र हिंग लावूनच विचारपूस चालायची. आमटीच्या फोडणीत हिंग, भाजीत हिंग, ताकात हिंग. "गव्हानं पोट नासलंय तुझं, हिंगानं सुधारेल," आई म्हणायची. दुखणं वाढलं की चिमूट वाढायची.

वर्षातून एकदा रक्त तपासायला द्यायचं. दर वेळी तेच, आकडा वाढलेला. डॉक्टर कागद खाली ठेवून माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "पथ्य पाळलं जात नाहीये. ही कुठेतरी गहू खाते."

आई मला रागावली असती तर परवडलं असतं. माझी बॅग खुंटीवर टांगताना ती आत बोटं फिरवू लागली, चुरा सापडतो का बघायला. मी घरी आले की जवळ येऊन उभी राहायची, वास घ्यायची. एकदा चुलीवरची भाकरी उलथताना पाठमोरी म्हणाली, "मिसळ खाल्लीस तर खाल्ली म्हण. रागवणार नाही. तर्री प्यायलीस तरी पावाचे तुकडे पडतातच त्यात."

"मी काही खाल्लं नाही, आई."

"मग दुखतं कशानं?"

नाशिकमध्ये राहून मिसळीच्या दुकानावरून नाक धरून जायचं, मैत्रिणींच्या वाढदिवसाला केककडे बघत टाळ्या वाजवायच्या, आणि वर घरी चोर ठरायचं. शिक्षण संपून मी एका कार्यालयात टायपिंगला लागले, तरी ते चालूच राहिलं. आजाराचं मला इतकं दुःख नव्हतं. आई मला खोटारडी समजते, हे मला सोसत नव्हतं. आईला मी खोटी वाटणार असेन तर माझ्या खरेपणाचं मी करू तरी काय, असं वाटून मी मोरीत नळ सोडून रडायचे.

फक्त उपासाच्या दिवशी आमच्यात शांतता असायची. एकादशीला मला जरा हलकं वाटायचं, आणि नवरात्राचे नऊ दिवस तर मी अगदी टवटवीत व्हायचे. भगर, साबुदाणा, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, सगळं पचायचं. आई म्हणायची, देवीची कृपा. मी उपास करते म्हणून देवी मला बरं करते, आणि उपास सुटला की मी बाहेर जाऊन काहीतरी खाते, असा तिचा हिशेब. ती दर वर्षी वणीच्या गडावर जाऊन माझ्यासाठी नारळ फोडायची. सोमवार धरायला लावले, गुरुवार धरायला लावले. मी धरले. त्या दिवशी ती माझी बॅग तपासत नसे, म्हणून धरले.

अशी सात-आठ वर्षं गेली. नवं शतक लागून बरेच दिवस झाले होते. एका रविवारी सकाळी आई आणि मी पूल ओलांडून जुन्या नाशकात गेलो. तिथल्या एका मसाल्याच्या दुकानातूनच तिचा हिंग यायचा, तोही खडा. पुडीतल्या हिंगात भेसळ असते यावर तिचा ठाम विश्वास होता. लेकीच्या पोटात जायचंय, चोख पाहिजे, असं ती दुकानदाराला दर वेळी ऐकवायची.

आमच्या पुढे एक आचारी उभा होता आणि तो भांडत होता. मागच्या खेपेच्या हिंगाला वासच नव्हता म्हणे. दुकानदार हसत म्हणाला, "बांधानी आहे ना तो. या वेळी मैदा जरा जास्त लागला असंल. दुसरा नेऊन बघा."

आईनं निवडलेला खडा तिच्या हातात होता. "कशात काय लागला म्हणालात?" तिनं विचारलं.

"मैदा, मावशी. नुसता हिंग लय जहाल असतो, कोण खाईल? मैद्यात आन् डिंकात बांधतात त्याला. म्हणून तर बांधानी."

"हा पण?"

"सगळाच. पयल्यापासून."

आईनं तो खडा तराजूच्या पारड्यात परत ठेवला. फार सावकाश ठेवला. "राहू द्या," म्हणाली. पदराला हात पुसला आणि चालू लागली.

पुलावर मध्यावर येऊन ती कठड्याशी थांबली. खाली गोदावरीच्या पायऱ्यांवर बायका कपडे आपटत होत्या. इतकी वर्षं शहरात राहून आईची बोली शहरी झाली होती, पण त्या वेळी तिच्या तोंडून माहेरची बोली बाहेर पडली.

"मीच घालत व्हते गं. दुखलं की जास्त घालत व्हते."

मी म्हटलं, आई, कुणालाच माहीत नव्हतं, डॉक्टरांनासुद्धा नाही.

"उपासाला हिंग नसतो," ती म्हणाली. "देवी दर नवरात्रात दाखवत व्हती मला. मी आपली नारळ फोडून घरी यायचे, आन् दसऱ्याला फोडणी घालायचे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू खोटं बोलत नव्हतीस."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी किती वर्षं झुरले होते. ते मिळालं तेव्हा ते परत तिच्या तोंडात घालावंसं वाटलं. मी चोर नाही हे सिद्ध झालं होतं आणि चोर सापडला होता. घरी गेल्यावर तिनं पितळी डबीतली पूड मोरीत ओतली, डबी चिंचेनं घासली, उन्हात वाळवली, पुन्हा घासली. हिंगाचा वास काही गेला नाही.

पुढच्या वर्षभरात मी भरले. केस दाट झाले, पाळी नियमित आली, रक्तातला आकडा उतरला. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नीट पाळतेस. गल्लीतल्या बायका आईला म्हणायच्या, काय छान अंग धरलंय हो पोरीनं. आई कसनुसं हसून आत जायची. माझा वाढणारा एकेक किलो तिच्याविरुद्ध साक्ष देत होता आणि मला तो लपवता येत नव्हता. आनंद मला झाला होता, अगदी खरा झाला होता, पण तो घरात दाखवायची सोय नव्हती.

तिचा स्वयंपाक तेव्हापासून बदलला. जी बाई मीठ कधी मोजून घालत नव्हती, ती प्रत्येक गोष्ट माझ्यापुढे धरून विचारू लागली, "हे चालेल ना तुला?" आमटी चालेल ना, तूप चालेल ना. एकदा आंबा कापताना विचारलं. मी हसले, ती हसली नाही. माझं ताट ती वाढायचीच नाही, भांडी पुढे ठेवायची आणि म्हणायची, तुझं तू घे. पाहुण्याकडे जेवल्यासारखं वाटायचं. आमटीची चवही गेली. हिंग नव्हता हे कारण असेल, पण माझा त्यावर विश्वास नाही.

मध्ये एकदा मला साधं अजीर्ण झालं आणि पोटात कळ आली. मी जाजमावर आडवी झाले. आई धावत आली, सवयीनं तिचा हात फळीकडे वर गेला आणि तिथेच थांबला. मग तो तसाच खाली आला. ती माझ्या शेजारी बसली, पण पोटावर हात ठेवला नाही. ठेव म्हणायला हवं होतं, एवढं कळायला मला जरा उशीर झाला. मग मीच तिचा हात ओढून पोटावर घेतला.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला तिच्या हृदयानं दगा दिला. शेवटचे दिवस ती दवाखान्यात होती, अर्धी शुद्धीत, अर्धी दिंडोरीत. मला कधी ओळखायची, कधी नाही. मी घरून तांदळाची पेज करून न्यायचे, नुसती, मीठ घालून. चमचा तोंडाशी नेला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. नर्स म्हणाली, त्यांना इच्छा नाही, राहू द्या.

त्या दुपारी मी पुन्हा चमचा पुढे केला. तिनं तो हातानं अडवला, डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हळू विचारलं, "तुला चालेल ना?"

"चालेल, आई," मी म्हटलं. "मला चालतं हे."

मग तिनं तोंड उघडलं.