दिव्याखाली वाळणारं वार्निश

आटपाडीच्या शाळेतून सांगलीच्या कॉलेजात गेलो आणि तिथून रसायनशास्त्राची पदवी घेऊन साताऱ्याच्या एका शाई-वार्निशच्या कारखान्यात लागलो. घराण्यातला पहिला पदवीधर. पहिल्याच भेटीत मालकांनी मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं होतं. त्या गोष्टीबद्दल मी आजही कृतज्ञ आहे, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग निवत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. छापील खोक्यांवर चमक आणणारं एक नवं वार्निश आम्ही करायला घेतलं. ते हवेनं वाळत नसे. अतिनील दिव्याखालून गेलं की क्षणात कडक होई. त्यातलं रेझिन, म्हणजे थर धरणारी राळ, काकवीसारखं घट्ट. ते पातळ करायला टर्पेंटाइन चालत नाही, कारण यात उडून जाणारं काही नको असतं. पातळ करणारा द्रव, ज्याला मोनोमर म्हणतात, तो दिव्याखाली रेझिनला जोडला जातो आणि थरातच राहतो. रेणूला जोडलं जायच्या जागा जास्त, तर थर लवकर वाळतो. पण तो ठिसूळही होतो. शिवाय काही मोनोमर कातडीला फार चावतात. ही निवड करणं हे माझं काम. पण मी रुजू होण्याआधीच मालकांनी मुंबईच्या एजंटाचं ऐकून सगळ्यात वेगवान मोनोमरची पिंपं आणून ठेवली होती.

डबे भरायला जावळीकडची एक बाई होती. नवरा फौजेत, ती सासूबरोबर साताऱ्यात खोली घेऊन राहायची. साधी शाई हातावर वाळून चिकटते, म्हणून बायका ती लगेच रॉकेलनं पुसत. हे वार्निश शेडमध्ये वाळतच नसे, रंगही नव्हता, त्यामुळे कुणी पुसायच्या भानगडीत पडत नसे. दुपारी जेवायला उन्हात बसलं की मात्र ते बोटांवर कडक व्हायचं. त्या दिव्याचं काम थोडंफार ऊनही करतंच.

"बगा सायेब," बोटावरचा पापुद्रा सोलत ती एकदा हसली, "सापागत कात टाकली मी."

"आवं, मग आमाला डसू नगासा म्हंजे झालं," शेजारची म्हणाली.

पुढे तिच्या बोटांच्या बेचक्यांत फोड आले, फुटले, लाल चट्टे मनगटापर्यंत चढले. महारोग झालाय, असं चाळीत कुणीतरी बोललं. नळावर तिची घागर सगळ्यांच्या शेवटी लागू लागली. सासूनं भाकरीच्या पिठाला हात लावू देणं बंद केलं.

मी मालकांकडे गेलो.

"या बायका हात धूत नाहीत, त्याला मी काय करू?" ते म्हणाले.

"साहेब, शेडमध्ये साबण नाही. हातमोजे नाहीत."

"हातमोजे घातले की डबे निसटतात."

मी दुसरा मोनोमर सुचवला. मोठ्या रेणूचा, जोडायच्या जागा कमी, कातडीला बराच सौम्य. छापखान्याला खोकं मात्र दिव्याखालून दोनदा न्यावं लागणार होतं.

"दोनदा? म्हणजे छापखान्याचा माल निम्मा, मग आपलं वार्निश घेणार कोण! एका बाईच्या खाजेसाठी?"

खाज म्हणाले ते. त्या बाईला बोटं मिटता येत नव्हती.

मग छापखान्यानं तक्रार करून खोकी आमच्याकडे पाठवली. घडी घातली की वार्निश घडीवर तडकत होतं. मालकांनी मला त्याच दिवशी बोलावलं. "तो तुमचा दुसरा मोनोमर वापरा," म्हणाले. दिव्याखालून दोनदा न्यायचं काय, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. पुठ्ठ्यावरचा तडा त्यांना दिसला होता!

नव्या मोनोमरनं बाकीच्या बायकांना काही झालं नाही. हिला मात्र थेंबभर लागला तरी फोड येत. शरीरानं एकदा अशा पदार्थाचा धसका घेतला की त्याच्या जातीचा सौम्य पदार्थही सोसत नाही. मी हे मालकांना सांगत होतो, तर ते खूश झाले. "बघा! तिचीच कातडी नाजूक." आणि तिला कामावरून काढलं.

जाताना ती मला म्हणाली, "सायेब, काम गेलं तर जाऊ द्या. पर ह्यो रोग न्हाई, कारखान्यातल्या औशिदानं झालंय, येवढं मालकास्नी चाळीत येऊन सांगाय लावा. त्येंचं समदी ऐकत्याल."

मालक म्हणाले, "मी असं बोललो तर उद्या सगळ्या माझ्या दारात बसतील."

म्हणून मीच गेलो. नळावर बायका जमल्या होत्या. हा महारोग नाही, हे कुणाकडून कुणाला लागत नाही, असं मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

"तुमी खरं सांगताय, व्हय," तिची सासू म्हणाली. "पर मालक का आला न्हाई?"

"आला असता तर चूक त्याची ठरली असती," मी म्हणालो.

म्हातारीनं नळाखालची आपली घागर काढली आणि रांगेच्या शेवटी ठेवलेली सुनेची लावली. बाकीच्या बायका मात्र आपापल्या घागरी उचलून मागं सरकून उभ्या राहिल्या.