खंड्याच्या फोटोतला काळा कोपरा

सत्तरच्या दशकात मी कर्जतच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. जुना कॅमेरा हाती आला आणि मी पक्ष्यांच्या नादी लागलो. फोटो मात्र धुतल्यावर चिखलासारखे दिसत. बाजारात स्टुडिओ चालवणाऱ्या एका वयस्कर काकांना माझी दया आली. दिवाळीच्या सुट्टीत, दुपारी दुकान बंद असताना, ते मला त्यांच्या अंधाऱ्या खोलीत शिकवू लागले.

त्या दिवशी एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राखाली, पळसदरीच्या धरणावरचा खंड्या होता, दोन दिवसांपूर्वी टिपलेला. खंड्या पाण्यातल्या खुंटावर बसलेला, मागे उतारावर गवत कापणारी एक बाई. तिला मी काकी म्हणायचो. तिच्याच शेताच्या बांधावर मी तासन्‌तास बसायचो आणि निघताना ती चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. तिच्यामागची करवंदीची जाळी प्रिंटवर डांबरासारखी काळी आली होती.

"तो कोपरा मेलाय. कापून टाका," काका म्हणाले. "बाईही जाईल, पण खंड्या उठून दिसेल."

"काकी राहू देत ना."

"मग उजेड अडवायला शिका."

त्यांनी तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून दिली. कागदावर उजेड पडत असताना ती त्या कोपऱ्यावर धरून हलवत राहायची, म्हणजे तेवढा भाग फिका येतो. पहिला कागद वाया गेला. दुसरा डेव्हलपरच्या रसायनात सोडला. खंड्या आला, काकी आली, जाळीत पानं उमटली. पानांमध्ये काहीतरी गोल दिसलं.

"काका, डाग पडलाय."

ते वाकले.

"डागाला मिश्या नसतात," ते हळूच म्हणाले.

मग मलाही दिसलं. बिबट्याचे कान, कपाळ, आणि थेट काकीच्या पाठीवर रोखलेले दोन डोळे. मधे चार-पाच हातांचं अंतर.

"ती रोज तिथंच जाते?"

"रोज. उन्हं कलली की."

बाहेर साडेतीन वाजले होते. फोटो उजेडात काळा पडू नये म्हणून काकांनी तो फिक्सरच्या रसायनात बुडवून दिला, आणि तो ओलाच टॉवेलात गुंडाळून मी सायकल हाणली. पाय पेडलवरून सटकत होते. सारखं वाटत होतं, पोचेन तेव्हा नुसता विळा पडलेला असेल.

काकीच्या घरी तिची सासू दाणे निवडत होती. "ती गेली की गवताला," ती म्हणाली.

धरणावर गवताचा अर्धा भारा पडला होता. शेजारी विळा. माणूस नव्हतं. जाळीपर्यंत जाऊन बघायला हवं होतं. मी गेलो नाही. सायकल धरून तिथंच उभा राहिलो. आजही त्याची लाज वाटते.

"काय वो मास्तर, येवढं घामाघूम?"

काकी पाण्याकडून वर येत होती. हातपाय धुवायला गेली होती.

"काकी, इकडे या. पळू नका. हळू या."

माझा चेहरा बघून ती मुकाट्याने आली. पदराला हात पुसून तिनं फोटो घेतला. "आगं बाई, ही मी?" म्हणत हसली. मी कोपऱ्यावर बोट ठेवलं. हसू विरलं.

"ह्यो माज्या पाठीशी व्हता?"

"परवा."

ती जाळीकडे बघत राहिली. "परवाच माजी शेळी गेली. मला वाटलं, चोरानं नेली."

भारा, विळा तिथंच टाकून आम्ही निघालो. घर येईपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावातले पुरुष डबे बडवत गेले. जाळीखाली शेळीची हाडं आणि दबलेलं गवत सापडलं. बिबट्या नव्हता. मग बायका घोळक्यानंच गवताला जाऊ लागल्या. त्या हंगामात कुणाला इजा झाली नाही.

आठवड्यानं काकी म्हणाली, "मास्तर, त्यातला वाघ काढून मला येक फोटू द्या. सासूबाय घाबरत्यात."

मी नव्या कागदावर त्या कोपऱ्यात जास्तीचा उजेड सोडत गेलो; जितका उजेड, तितका कागद काळा. कान बुडाले, डोळे बुडाले, जाळी पुन्हा मिट्ट काळी झाली. काकीनं तो फोटो ओटीवर लावला. पुढे कितीतरी वर्षं मी तिथं चहा प्यायलो, पण त्या भिंतीकडे पाठ करून बसायचं धाडस मला कधी झालं नाही.