मोहसीनच्या बाजूचं बटण

मोहसीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात त्याच्याच जॉयस्टिकसाठी हलकी स्प्रिंग शोधत होतो. शेवटचे दोन महिने त्याची मानही सावरत नव्हती, आणि मी स्प्रिंग शोधत होतो. ज्याला हसायचं त्यानं हसावं. तीस वर्षं लोकांचे संगणक दुरुस्त करतोय, मला दुसरं काही येत नाही. शबानाभाभी फोनवर एवढंच म्हणाल्या, "भाईसाब, आजाव." मी शटर ओढलं आणि निघालो. त्याला आता सहा आठवडे झाले.

पॉलिटेक्निकच्या दिवसांत औरंगपुऱ्यातल्या एका गेम पार्लरमध्ये आमची दोस्ती जमली. तो खेळायचा आणि मी शेजारी उभा राहून मरायचो... म्हणजे पडद्यावर. दोघांनी जोडीनं एक खेळ शेवटपर्यंत न्यायचा, हे माझ्या कच्च्या हातामुळं राहूनच गेलं. पुढं पार्लर बंद पडलं, तो वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "यार, वो मशीन अपन घरमेंच बनाते. एकाच कॉम्प्युटरात जुने सगळे गेम. तो एक राहिलाय ना आपला?"

त्याला सोळा कोरचा प्रोसेसर हवा होता. मी झापलं त्याला. हे जुने खेळ बहुतेक सगळं काम एकाच कोरवर करतात. कोर थोडे चालतील, पण एकेकाचा वेग पाहिजे. "म्हणजे मोठं हापिस नको, एकटा चांगला मिस्त्री पाहिजे," तो म्हणाला. इतकं सोपं मला आजवर सांगता आलेलं नाही. एका ऑफिसातून निघालेला चार कोरचा संगणक मी पसंत केला. प्लायवूडचं कपाट त्यानं स्वतः कापलं, रंगवलं, त्यात दोघांसाठी जॉयस्टिक आणि बटणं बसवली. बैठकीत ते उभं राहिलं तेव्हा भाभी म्हणाल्या, "लो, अब घरमें दो फ्रिज." किती खूश होता तो त्या दिवशी!

पण खेळ सुरू झाला आणि दोन मिनिटांत तो थांबला. "बटण दाबलं की माणूस उशिरा उडतोय रे." मला तर बरोबर वाटत होतं. तसं म्हटलं तर उसळला, "तू कब ठीकसे खेला? तेरेकू क्या मालूम!" खरंच होतं ते. मग मी बटणं बदलली. सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटतं म्हणून फुलंब्रीहून जुना काचेच्या नळीचा मॉनिटर आणला. बटणं संगणकाला जोडणारी पट्टी बदलली. दर रविवारी नवा भाग, दर रविवारी फक्त चाचणी. खेळ अर्धा झाला की तो हात काढून घ्यायचा. "नक्को, अभीबी देर से..."

शेवटी तो खेळत असताना मी मोबाइलवर संथ गतीचं चित्रण केलं. बोट बटणावर पडल्यापासून पडद्यावरचा माणूस उडेपर्यंत किती वेळ जातो, ते त्यात दिसतं. दुकानात येऊन पाहिलं. बोट पडताच माणूस उडत होता. उशीर त्याच्या आधी होता. बोट बटणाच्या वर नुसतं थरथरत राहायचं, मग खाली यायचं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोल गेला होता. मी ते तीन वेळा पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, "प्रोसेसर कमी पडतोय. बदलून टाकू."

का खोटं बोललो? घाबरलो म्हणून. प्रोसेसर बदलता येतो म्हणून. पुढचे तीन महिने मी मदरबोर्ड, रॅम, सगळं फिरवत बसलो. मग एक दिवस त्याच्या हातातून चहाचा कप निसटला आणि भाभी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. नसांचा आजार निघाला, बरा न होणारा. आधी आला असता तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. भाभींना त्यानं धीर आला. मला नाही.

शेवटच्या भेटीत त्याचं बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. कपाटाकडं बघत त्यानं विचारलं, "मशीन ठीक थी ना?"

"हो."

"कबसे मालूम?"

मी सांगितलं. व्हिडिओचंही सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. पण तो म्हणाला, "तो खेल लेते ना यार... तवा बोटं चालत होती."

परवा भाभींनी बोलावलं. कपाट तिथंच आहे, त्या रोज पुसतात. नंतर सापडलेली ती स्प्रिंग खिशातून काढून मी तशीच त्याच्यावर ठेवली आणि मशीन सुरू केलं. मनात एकच वेडी आशा होती... निदान आज तरी उशीर लागावा, दोष यंत्राचा निघावा. मी मोहसीनच्या बाजूचं बटण दाबलं.

पडद्यावरच्या माणसानं त्याच क्षणी उडी मारली.