पंख्याशिवायच्या तीन खोल्या

मंगळवारी सकाळी माझी बायको वसुधा वारली. तिसऱ्या महिन्यात मी पुण्याहून मेहकरच्या एसटीत बसलो.

वसुधा वास्तुरचनाकार होती. आयुष्यभर तिने भिंतींपेक्षा हवेचेच नकाशे जास्त काढले: वारा कुठून येईल, रात्रीचा गारवा दुपारपर्यंत कसा टिकेल. लोक हसत. बुलढाणा जिल्ह्यात तिने पंख्याशिवाय थंड राहणाऱ्या तीन खोल्या बांधल्या. त्यांतली एक तरी तशी राहिली आहे का, एवढंच मला बघायचं होतं.

डोणगावच्या सभागृहात छताजवळच्या झडपा विटांनी बुजवलेल्या होत्या. "कबुतरं येत व्हते ना," म्हणत तिथल्या गृहस्थांनी भिंत फोडून बसवलेला कूलर कौतुकाने दाखवला. तो बंद होता. वीज नव्हती. देऊळघाटला तर खाली प्लास्टिकचं छतच ठोकलेलं. वर झडपा आहेत हे कोणाला ठाऊक नव्हतं. "लय गरम होते इथं," हे मात्र सगळे सांगत होते.

मला त्यांचा राग आला आणि तिचाही. झडपा कधी उघडायच्या याची पाटी लाव, असं मी तिला किती वेळा म्हटलं होतं. ती म्हणायची, "खोली काय औषधाची बाटली आहे?" या वेळी मीच पाटी रंगवून पिशवीत घेतली होती.

राजूर घाट उतरलो, नांदुऱ्यात एक बस चुकली, आणि वडनेर भोलजीला पोचायला दुपारचा एक वाजला. तिसरी खोली म्हणजे तिथलं वाचनालय. आत कोणी नव्हतं. झडपा बंद. म्हणजे इथेही कायमच्याच लावून टाकलेल्या! संतापाच्या भरात, पाटीवर मीच काय लिहिलंय ते विसरून, मी झडपांची खुंटीला बांधलेली दोरी सोडून ओढली. वरून गरम झोत आला. खोली थंड होती, हे मला तेव्हा कळलं.

"बाप्पा! भर दुपारी काऊन (का) उघडलं?" वाचनालय सांभाळणाऱ्या शोभाबाई मागच्या ओट्यावरून जेवण सोडून धावत आल्या. "सगळी गरमी आत घेऊन राह्यले ना तुमी! अन् दिसता तर शिकलेले!"

"तुम्हाला कोणी शिकवलं?"

"वसुधाबाईनं. दिवस बुडाला का उघडाचं, ऊन निघालं का लावाचं. आठ दिवस रोज माह्यासंग बसल्या. मंग म्हणे, आता तुमाले समजते."

त्यांनी दोरी बांधली, कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) अर्धी मोडून मला दिली आणि विचारलं, "तुमी कोण? बाई नाई आल्या औंदा?"

मी सांगितलं. त्यांनी उरलेली अर्धी भाकरही माझ्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, "थांबा आज. दिवस बुडाला का तुमीच उघडा."

मी थांबलो. दिवस बुडाल्यावर झडपा उघडल्या.

आता पुण्यात आहे. पाटी पिशवीतच परत आली. वडनेरची खोली थंड आहे.