हडळीच्या सिनेमाचं परीक्षण

सत्तरच्या दशकात मी साताऱ्यात शाळेत शिकवायचे आणि एका साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहायचे. हडळीचा एक जुना सिनेमा नव्यानं, जास्त उघडावाघडा होऊन आला. संपादक म्हणाले, "बाई, अश्लील म्हणून झोडून काढा."

दुपारच्या खेळाला बायकांत मी एकटीच होते. जुनी हडळ नुसती घाबरवायची. हिला पुरुष हवा होता, आणि ती तसं बोलून दाखवत होती. ते हवंसं वाटणं मला ओळखीचं होतं. घरी आले तरी एका जागी बसवेना. हे सगळं मी परीक्षणात तसंच लिहिलं.

संपादकांनी कागद परत दिला. "हे छापलं तर तुमची नोकरी जाईल."

मग मी 'अश्लील' लिहून दिलं. शेजारच्या सुभेदारीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "लय ब्येस लिवलंय, बाई!" मला त्यांच्याकडे बघवेना. त्यानंतर मी परीक्षण लिहिलं नाही.